जरा उजेडात आण

आईला सुई ओवायची असली की ती गॅलरीत जायची. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघायला गॅलरीत, लाइट बिलावरचा आकडा बघायलाही गॅलरीतच. "अगं, घरात ट्यूब लावलीय ना, इथे दिसत नाही का?" म्हटलं की म्हणायची, "दिसतं गं, पण उमटत नाही."

परवा तिचीच गोळी द्यायची होती. चंदेरी पाकिटावर ठसा मारलेली तारीख, तीही रंगाशिवाय. महिना तीन की आठ? पाकीट लांब धरलं, जवळ आणलं, तिरकं केलं. आणि पाय आपसूक गॅलरीकडे वळले.

चाळिशी! वय, त्या वयातला दोष आणि त्यावरचा चष्मा, तिन्हींना मराठीने एकच शब्द देऊन टाकलाय. पळवाटच ठेवलेली नाही.

डोळ्यातलं भिंग कांद्यासारखं असतं. त्यावर जन्मभर नवे पापुद्रे चढत राहतात आणि जुने गळून पडत नाहीत. म्हणजे माझ्या भिंगाचा अगदी आतला गाभा मी आईच्या पोटात असतानाचा आहे! बारीक तंतूंनी ते चहूबाजूंनी ताणून धरलेलं असतं. जवळचं बघताना भोवतालचा स्नायू आवळतो, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. निदान व्हायला हवं. वयाबरोबर ते इतकं ताठर होतं, की तंतू सैल पडले तरी आकार सोडत नाही. दहा वर्षांच्या पोराला नाकासमोर सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षर स्वच्छ दिसतं. माझा भाचा गोष्टीचं पुस्तक तसंच नाकाला लावून वाचतो, आणि मी उगाच त्याच्यावर ओरडते.

जवळचं स्पष्ट दाखवायचं हे काम बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं नसून भिंगाचं आहे, हे थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली दाखवलं. त्यासाठी या गृहस्थाने स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून पाहिला. माझ्या डोळ्यात शाम्पू गेला तरी मी घर डोक्यावर घेते.

आणि गॅलरीचं कोडंही सुटलं. लख्ख उजेडात डोळ्यातली बाहुली आकसते, कडेचे किरण अडतात, अक्षराचा फिसकटलेला काठ नीट होतो. आई डोळे बारीक करायची तेही त्याचसाठी. मला मात्र ते लहानपणी रागावणं वाटायचं.

आता तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय. आत बसवलेलं भिंग लांबचं बघायला बेतलेलं, त्यामुळे गॅलरीतून समोरच्या बसचा नंबर ती माझ्याआधी वाचते. जवळचं वाचायला चष्मा लागतोच.

त्या दिवशी मी कठड्याशी पाकीट उन्हात धरून उभी, तेवढ्यात आतून आवाज आला.

"काय गं, दिसत नाही का?"

"दिसतं गं."

"मग तीन की आठ?"

"आठ."

"मग आण. ऑगस्टपर्यंत चालतील."