मिशन ट्रिप (चर्चतर्फे सेवेसाठी प्रवास), दिवस चौथा

आज मुलांना बायबलच्या लूक 10 मधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगायची होती: वाटेत जखमी पडलेल्या वाटसरूला दोघं टाळून जातात, शेवटी परका शोमरोनी मदत करतो. रात्री जागून पाठ केलेली. दुभाषी ताईंनी पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत सांगितलं आणि मी पुढचं सगळं साफ विसरलो! मग नुसता अभिनय. जखमी वाटसरू मीच. याजक (पुजारी) न थांबता गेला, लेवी (मंदिरातला सेवक) तसाच गेला, तेवढ्यात एका चिमुरडीने शोमरोन्याची वाट न बघता स्वतःचा रुमाल माझ्या गुडघ्याला बांधला. गाठ इतकी घट्ट की पाय बधिर.

दुपारी भिंत रंगवली. धड झाली नाही, उद्या पुन्हा.

खरं सांगू? प्रार्थनेत 'आम्ही सेवा करायला आलोय' म्हणताना आज जरा अडखळलोच. रुमाल अजून खिशात आहे, सकाळी परत द्यायचाय.