वर चढलेल्याकडे सगळे बघतात, खालच्याचं काय?

मे महिना लागला की आमचा फोन दिवसभर वाजतो, पावसाआधी झाडं छाटून द्या, महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी आलीय, रविवारीच या. मी मुलुंड-भांडुप पट्ट्यात छाटणीची कामं घेतो, पाच-सहा जणांची टीम आहे आणि दरवर्षी या दिवसांत मला झोप नीट लागत नाही.

वर चढणाऱ्याला बेल्ट असतो, दोर असतो, सगळी सोसायटी मान वर करून त्यालाच बघत असते. पण खाली फांद्या ओढणारा पोरगा, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच कामावर एका रेनट्रीची फांदी घाईत नुसती वरून कापली, ती अर्धी कापली जाताच वजनाने झुकली, खालची साल खोडापर्यंत सोलत गेली आणि फांदी सुटायच्या ऐवजी झोका घेऊन आली. खालच्या पोराच्या खांद्याला लागलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, आणि ते हेल्मेट सकाळी मी भांडून घालायला लावलं होतं, "दादा उकडतंय हो" म्हणत होता.

तेव्हापासून मोठी फांदी तीन कापांतच. आधी खोडापासून हातभर लांब खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट शेवटी. पहिल्या कापामुळे साल तिथेच तुटते, पुढे सोलत जात नाही. वेळ जास्त लागतो, सोसायटीवाले घड्याळ बघतात, बघू देत. गुलमोहराच्या बाबतीत तर मी अजूनच हट्टी आहे, ते लाकूड ठिसूळ, वरून हिरवंगार दिसणारी फांदीसुद्धा पाय ठेवला की कडकन जाते. म्हणून बेल्टचा दोर पाय ठेवलेल्या फांदीला नाही, मुख्य खोडालाच बांधायचा.

चेनसॉ घेऊन शिडीवर उभं राहायचं नाही, पात्याच्या टोकाने कापायचं नाही, टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटी अंगावर येते. आणि वायरी! केबलची, लाइटची, कोणती जिवंत ते खालून कळत नाही, त्यामुळे सगळ्या जिवंतच धरायच्या आणि लाइटच्या वायरीजवळची फांदी असेल तर वीज कंपनीची माणसं सप्लाय बंद करेपर्यंत हातच लावायचा नाही. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम बंद, पैसे बुडाले तरी चालतील.

यंदा मी खालच्या माणसाला शिट्टी दिलीय. त्याने वाजवली की वरचा हात थांबवतो, आणि तो हो म्हणेपर्यंत काप नाही. मागच्या रविवारी सेक्रेटरीकाका गाडी घेऊन दोरीच्या आत यायला निघाले, या एकोणीस वर्षांच्या पोराने शिट्टी मारून त्यांना गेटवरच अडवलं. काका चिडले, मला फोन केला. मी म्हटलं, काका, तो सांगेल तेव्हाच आत या.