चंदन लावलं, वास कुठे गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: ‘एवढे पैसे मोजून चंदनाचं तेल घेतलं, मनगटाला लावलं आणि दहा मिनिटांत वास गायब. नकली निघालं का?’

नकली असूही शकतं, पण या कारणासाठी नाही. लावल्या लावल्या खोलीभर दरवळणारं ‘चंदन’च आधी तपासायला हवं.

लिंबाची साल चुरगाळली की वास भसकन नाकात शिरतो, कारण त्यातले रेणू हलके असतात आणि चटकन उडतात. चंदनात हे जवळपास नसतंच. भारतीय चंदनाच्या प्रमाणित तेलात अल्फा-सँटलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा-सँटलॉल 16 ते 24 टक्के असतं. चंदनाचा मुख्य वास या दोन द्रव्यांचा, आणि दोन्ही जड. अंगाच्या उबेने ते सावकाश सुटतात, त्यामुळे वास कातडीपासून वीतभर अंतरातच घुटमळतो. शिवाय एकच वास सारखा येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. तुमच्यापुरता ‘गेलेला’ वास जवळ बसलेल्या माणसाला दोन तासांनीही येत असतो. बाहेर चक्कर मारून या आणि मग हात हुंगा. काही नाकांना सँटलॉल मुळातच फिकं लागतं, म्हणून निकाल द्यायच्या आधी घरातल्या आणखी कुणाला तरी हुंगायला द्या.

आता वासाविषयी. सुरुवातीला कच्च्या शेंगदाण्यासारखी किंचित तेलकट छटा येते. नुकत्याच काढलेल्या तेलात थोडा आंबूस-करपट दर्पही असतो. तो मुरल्यावर जातो, त्यामुळे जुनं तेल जास्त सौम्य लागतं. अर्ध्या तासाने दुधाच्या सायीसारखा मऊपणा येतो, त्याखाली कोरडं, उबदार लाकूड. पुढचे पाच-सहा तास यात फारसा बदल होत नाही. अनेकांना इथेच निराशा येते, कारण डोक्यात साबणाचा किंवा अगरबत्तीचा वास बसलेला असतो. म्हैसूर सँडल साबणाच्या वासातही चंदनाच्या जोडीला वाळा, पॅचुली, जिरेनियम असतात. सहाणेवर उगाळलेलं गंध आणखी वेगळं: पाणी जास्त, तेल नाममात्र. गारवा मिळतो, पण वाळलं की वास फारसा उरत नाही. रक्तचंदनाला तर असा सुगंधच नाही. ते झाडच निराळं आहे, फक्त नावात चंदन.

मॉलमधल्या ‘सँडलवुड’ स्प्रेमध्ये बहुधा जावानॉल, एबानॉल अशी कृत्रिम द्रव्यं असतात. ती वाईट नाहीत. सँटलॉलपेक्षा धारदार, लांब पोचणारी आणि कपड्यावर दिवसभर टिकणारी असतात. ऑफिसात चार जणांना कळावं असं वाटत असेल, तर सरळ तेच घ्या. फक्त चंदनतेलाच्या भावाने घेऊ नका.

लावायचं कसं? आंघोळीनंतर, कातडी जरा ओलसर असताना. कोरड्या कातडीवर वास लवकर विरतो, म्हणून आधी बिनवासाच्या तेलाचं बोट फिरवा. शुद्ध तेल थेट चोपडू नये. 10 मिलि बिनवासाच्या तेलात पाच थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के, पुरतात. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून 24 तास थांबा, कारण चंदनाची ॲलर्जी काहींना असते. मनगटं एकमेकांवर घासल्याने चंदनाचा वास ‘मोडत’ नाही, तेल तेवढं पुसलं जातं. पांढऱ्या सुती सदऱ्यावर मात्र पिवळट डाग पडतो. त्यापेक्षा कापसाचा फाया कानाच्या घडीत खोचण्याची जुनी रीत शहाणपणाची. उब मिळते आणि कपडेही वाचतात.

भेसळ पाहायची तर एक थेंब जाड पांढऱ्या कागदावर टाका. लगेच, तासाने, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. खऱ्या चंदनाची ओळख दुसऱ्या दिवशीही पटते. वास उडून नुसता तेलकट डाग उरला, तर त्यात पातळ पॅराफिन (खनिज तेल) किंवा खाद्यतेल असल्याचा संशय घ्या. दुसरी चाचणी: 1 भाग तेल, 5 भाग 70 टक्क्यांचं अल्कोहोल. साधारण 20 अंशांना मिश्रण स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ झालं तर गडबड आहे. इथे जास्त तीव्र अल्कोहोल वापरू नका, एरंडेल त्यात विरघळतं आणि सुटून जातं. सॅनिटायझरही चालत नाही, त्यात बहुतेकदा ग्लिसरीन असतं. मात्र सँटलॉलसारखी वासाची द्रव्यं मिसळली असतील, तर या दोन्ही चाचण्या फसतात. तिथे प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफीच (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) लागते.

गुलाब, मोगरा, केवडा यांच्या अत्तरांचंही हेच. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या जुन्या पद्धतीत देगेतली (फुलं उकळायच्या तांब्याच्या हंड्यातली) वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात. त्यामुळे अस्सल अत्तराचं फूल ओसरलं की खाली चंदन हाती लागतं. चंदन महागल्यापासून भपक्यात पॅराफिन किंवा डीओपी (डायऑक्टिल थॅलेट, एक स्वस्त बिनवासाचं रसायन) सर्रास घालतात. तेव्हा अत्तरवाल्याकडे कुपी उघडून लगेच ठरवू नका. हातावर एक ठिपका लावून घ्या, बाजारातली बाकीची कामं उरका आणि परतताना हुंगून मगच 3 मिलिची कुपी घ्या.