तुम्ही विचारलेत म्हणून : दुसऱ्या खेपेचा हिशोब

‘सिव्हिलायझेशन ४’ हा संगणकावरचा साम्राज्य उभारण्याचा खेळ खेळणारे मित्र मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : ‘आमचे सैन्य शत्रूपेक्षा मोठे असते, तंत्रज्ञानातही आम्ही पुढे असतो, तरी समुद्रापलीकडची स्वारी किनाऱ्यावरच का मोडते? तुम्ही ती आखता कशी?’ तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो. मी सैन्य मोजण्याआधी जहाजांच्या खेपा मोजतो, आणि त्यातही दुसरी खेप केव्हा पोहोचेल हे सर्वांत आधी ठरवतो.

फिरॅक्सिसने २००५ मध्ये आणलेल्या या खेळात गॅलिअन हे सैन्य वाहणारे जहाज ३ युनिट, म्हणजे सैन्याच्या तुकड्या, वाहून नेते आणि एका टर्नमध्ये, म्हणजे खेळाच्या एका पाळीत, नकाशावरचे ४ चौकोन किंवा टाइल जाते. समजा, माझ्याकडे ८ गॅलिअन आहेत आणि शत्रूचा किनारा माझ्या बंदरापासून १५ टाइल दूर आहे. एका खेपेत २४ युनिट जातील, त्यांना पोहोचायला ४ टर्न लागतील, आणि तीच जहाजे मागे फिरून नवी कुमक घेऊन पुन्हा तेथे येईपर्यंत आणखी ८ टर्न उलटतील. घरी शंभर युनिट सज्ज उभी असली, तरी त्या ८ टर्नांत माझे खरे सैन्य २४ युनिटांचेच असते. शत्रूचे सैन्य मात्र त्याच्याच रस्त्यांवरून दर टर्नला वाढत राहते.

या हिशोबामुळेच पृथ्वीप्रदक्षिणेला मी फार महत्त्व देतो. जगाला पहिला वळसा घालणाऱ्या राष्ट्राच्या जहाजांना कायमची १ टाइलची जादा चाल मिळते, आणि त्यासाठी इतरांकडून मिळवलेले नकाशेही कामी येतात. ४ ऐवजी ५ टाइलची चाल मिळाली की तेच १५ टाइलचे अंतर ३ टर्नांत कापले जाते आणि दुसरी खेप ८ ऐवजी ६ टर्नांत येते. हे २ टर्न मला पुढे कितीही सैन्य उभारून विकत घेता येत नाहीत. ते काही शतके आधी, युद्धाचा विचारही मनात नसताना पाठवलेल्या एखाद्या कॅरव्हेलने, म्हणजे शोधमोहिमेच्या जहाजाने, मिळवून दिलेले असतात.

माझी पहिली मोठी स्वारी याच कारणाने बुडाली. मी शत्रूच्या राजधानीशेजारच्या मोकळ्या गवताळ टाइलवर सारे सैन्य उतरवले आणि जहाजे लगेच परत धाडली. जहाजातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या युनिटांची त्या टर्नची चाल संपते, त्यामुळे पुढचा घाव शत्रूचाच असतो. त्याच्या तोफांनी एकेका हल्ल्यात अनेक युनिटांना जखमी केले, मग घोडदळ आले, आणि २ टर्नांत तेथे माझे कोणीही उरले नाही. दुसरी खेप येऊन पोहोचली तेव्हा तिला आधार देणारे कोणी नव्हते. ती मी उतरवलीच नाही.

तेव्हापासून उतरण्याची जागा मी युद्धाच्या बरीच आधी निवडतो. कॅरव्हेलला परक्या सागरी हद्दीत शिरता येते, म्हणून तिच्याकडून किनारा नीट पाहून घेतो. बंदराच्या शहराला लागून असलेली, जंगल असलेली टेकडी मिळाली तर उत्तम, कारण टेकडीचे २५ आणि जंगलाचे ५० असे मिळून ७५ टक्के संरक्षण त्या पहिल्या कठीण टर्नला सैन्याला लाभते. शहर आणि ती टाइल यांच्यामध्ये नदी नसावी, कारण नदी ओलांडून हल्ला केल्यास बचाव करणाऱ्याला २५ टक्क्यांचा लाभ मिळतो. थेट जहाजातून हल्ला केल्यास हाच लाभ ५० टक्क्यांचा होतो. त्यासाठीचे खास प्रमोशन, म्हणजे अनुभवातून युनिटाला मिळणारे कौशल्य, नसेल तर तो मोह मी टाळतो. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दिएप्प या फ्रेंच बंदरावर समुद्रातून सरळ चाल करून गेलेल्या सुमारे ५,००० कॅनडियन सैनिकांपैकी ९०० हून अधिक मारले गेले. खेळातला तो आकडा पाहिला की मला त्या किनाऱ्याची आठवण होते.

युद्ध पुकारताना ताफा शत्रूच्या हद्दीच्या अगदी बाहेर, खुल्या समुद्रात उभा असावा. हद्दीच्या आत असलेली युनिटे युद्ध पुकारताच बाहेर फेकली जातात, आणि फार दूर उभे राहिले तर शत्रूला तयारीसाठी एक टर्न फुकट मिळतो. जागा अचूक असेल तर त्याच टर्नमध्ये युद्ध पुकारून, आत शिरून सैन्य उतरवता येते.

पहिल्या खेपेत मी साधारण १० कॅनन (तोफा) आणि १२ रायफलमन (बंदूकधारी) नेतो. उरलेल्या दोन जागांवर जखमींना बरे करणारे मेडिक प्रमोशन मिळालेले एखादे जुने युनिट आणि रस्ते वगैरे बांधणारा एक वर्कर असतो. कॅनन दर टर्नला शहराची तटबंदी १२ टक्क्यांनी उतरवते, म्हणून ५ कॅनन ६० टक्क्यांचा तट एका टर्नमध्ये पाडतात आणि उरलेल्या ५ लगेच हल्ल्याला मोकळ्या राहतात. या साऱ्याचे उद्दिष्ट राजधानी नसते. मला हवे असते एक बंदर. ते हाती आले की दुसऱ्या खेपेची जहाजे सरळ शहरात शिरतात, त्यांतले सैन्य किनाऱ्यावर चाल न गमावता त्याच टर्नमध्ये पुढे निघू शकते, आणि टेकडीवरच्या त्या धोक्याच्या रात्रीची पुन्हा गरज पडत नाही.

म्हणून दुसरी खेप वेगळी भरतो : तोफा कमी, शहरे राखणारी युनिटे जास्त. तिसऱ्या खेपेची आखणी मी सहसा करत नाही. २००७ च्या ‘बियॉन्ड द स्वोर्ड’ या खेळाच्या विस्तारित आवृत्तीमध्ये परक्या खंडावरच्या शहरांचा वसाहती खर्च वाढत जातो, त्यामुळे ३–४ शहरे घेतल्यावर शत्रू मांडलिक व्हायला तयार आहे का, हे मी दर टर्नला विचारून पाहतो. त्याने होकार दिला की शेवटची रिकामी जहाजे जखमी कॅनन घेऊन घरी परततात.