शांघायमधली जपानी वस्ती: होंगकोउ ते गुबेई

शांघायमधली जपानी वस्ती म्हणजे आजचं गुबेई, असं समजून लोक थेट तिथेच जातात. आधी होंगकोउ पाहा. १९४५ पर्यंत शांघायचे जपानी मुख्यतः तिथे राहत.

सकाळी मेट्रो ३ किंवा ८ ने होंगकोउ फुटबॉल स्टेडियमला उतरा. लू शुन उद्यानात चिनी लेखक लू शुन यांची समाधी आहे. पुढे शानयिन रस्ता, गल्ली १३२, घर क्रमांक ९: १९३६ साली त्यांचं निधन इथेच झालं. रस्त्याच्या तोंडाशी उचियामा कान्झो या जपानी गृहस्थांचं पुस्तकांचं दुकान होतं. धरपकडीच्या दिवसांत लू शुनना त्यांनी आसरा दिला. सोमवारी संग्रहालयं बंद असतात. मेट्रो १० चं 'उत्तर सिचुआन रस्ता' स्टेशन नावामुळे जवळचं वाटतं, पण ते बरंच दक्षिणेला आहे. तिथवर चालतच या. वाटेत झापू रस्त्यावर १९३१ चं निशी होंगान्जी हे जपानी बौद्ध मंदिर लागतं. दर्शनी कमान थेट चैत्यगृहाची. कार्ले-अजिंठा पाहिलेल्याला लगेच ओळखू येते.

मग मेट्रो १० ने सोंगयुआन रस्ता. सोंग छिंगलिंग स्मृतिउद्यानात, परदेशी लोकांच्या दफनभूमीत, उचियामा पती-पत्नीची कबर आहे. ही जागा वगळू नका. जुनी आणि नवी वस्ती जोडणारी हीच. पासपोर्ट जवळ ठेवा.

पुढचं स्टेशन यिली रस्ता, म्हणजे गुबेई. २०१२ अखेरीस उघडलेलं ताकाशिमाया हे जपानी डिपार्टमेंट स्टोअर इथेच. हुआंगजिनछेंग रस्त्यावरची गिंको झाडं नोव्हेंबरअखेर पिवळी होतात. इझाकायांसाठी, म्हणजे जपानी पिण्या-खाण्याच्या अड्ड्यांसाठी, संध्याकाळी शियानशिया रस्ता.

शाकाहाऱ्यांनी सावध राहावं: मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, इनारी सुशीचं टोफूचं आवरण, सगळ्यांत बहुधा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा) आणि कप्पा माकी (काकडीची सुशी) त्यातल्या त्यात निर्धोक.

२०२४ मध्ये सुझोउ आणि शेनझेनमध्ये जपानी शाळकरी मुलांवर हल्ले झाले. शाळा, स्कूलबस, मुलं यांचे फोटो अजिबात काढू नका. १८ सप्टेंबरला, मंचुरियावरच्या (ईशान्य चीन) जपानच्या १९३१ च्या आक्रमणाच्या स्मृतिदिनी, ही फेरी टाळा.

भारतीय पासपोर्टला २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत नाही. अलिपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड घरूनच जोडा. गुगल मॅप्स तिथल्या वायफायवर उघडत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं.

परतताना लोंगशी रस्त्यापुढे मेट्रो १० ला दोन फाटे फुटतात. होंगछियाओ विमानतळासाठी 'होंगछियाओ रेल्वे स्टेशन' पाटीची गाडी घ्या, 'हांगझोंग रस्ता' पाटीची सोडून द्या.