भीती बाहेरच्यांची की आपल्यांची?

गुरुवार, रात्री

डिसेंबरची थंडी तापीकाठी चांगलीच उतरली आहे. शहादा-नवापूर पट्ट्यात उसाच्या फडांशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहिल्यात. नाताळ जवळ आला की मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, विषय निघतोच: येशूबद्दल सांगायला या लोकांकडे जायचं का? सगळे होकार देतात, आणि मग तारीख पुढे ढकलली जाते. कारण कामाचं सांगतात, मुळात असते ती भीती.

नुसतं "भीती वाटते" म्हणून प्रार्थना केली की प्रार्थनाही मोघम होते. कागद घेऊन नेमकं लिहावं. कोणी हाकलून देईल ही एक भीती. अवघड प्रश्न विचारतील आणि उत्तर येणार नाही, ही दुसरी. या दोन्हींवर तयारीचा उपाय आहे. तिसरी सहसा कागदावर उतरतच नाही: आपलेच लोक काय म्हणतील? "त्यांच्यात जाऊन जेवतो म्हणे." अनेक वर्षं विश्वासात असलेल्यांना हीच जास्त अडवते असं माझं ठाम मत आहे.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पाहा. यापोत तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. दुपारी धाब्यावर त्याला दृष्टान्त झाला: यहूदी ज्यांना अशुद्ध मानत त्या प्राण्यांनी भरलेली चादर तीनदा खाली आली, म्हणजे कोणाला अशुद्ध म्हणायचं नाही. मग तो कैसरियाला रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरात गेला. एकटा गेला नाही, सहा भाऊ बरोबर घेतले (प्रेषितांची कृत्ये ११:१२). इथवरची गोष्ट रविवारच्या शाळेतली मुलंही सांगतात. पण गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडला की हाच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठताना दिसतो. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली, एवढंच निमित्त. परराष्ट्रीयांनी त्याला काही केलं नव्हतं. तो भ्याला स्वजनांना, आणि त्याचं पाहून सोबतचा प्रचारक बर्णबाही ओढला गेला. म्हणजे दृष्टान्त पाहिलेल्या माणसालाही भीती दुसऱ्यांदा गाठते. एकदा जिंकली म्हणून ती कायमची जात नाही, आणि एकाची भीती सगळी पंगत उठवते.

उपदेशात एक आकडा हमखास ऐकू येतो: बायबलात "भिऊ नका" ३६५ वेळा आहे, दिवसाला एक. मोजायला बसलं तर तेवढी वचनं भरत नाहीत. ऐकायला गोड म्हणून चुकीचा आकडा कशाला सांगायचा? करिंथात प्रेषित पौल दीड वर्ष राहिला. आपण अशक्त, भयभीत आणि थरथरत तिथे आलो, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. रात्री दर्शनात प्रभू त्याला म्हणाला ते थोडक्यात असं: भिऊ नको, बोलत राहा, मी तुझ्याबरोबर आहे. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला हे कोण सांगेल?

शुक्रवार

भेटीची तयारी.

दोघांनी जावं, फार तर तिघांनी. एक बाई असलीच पाहिजे, कारण ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक "कोयता" धरतात आणि बाईशी बाईनेच बोललेलं बरं. एकाला तरी समोरच्याची बोली यावी. मावची, पावरी, भिली, अहिराणी, जी असेल ती. पुस्तकी मराठीत बोललं की माणूस सरकारी कामासाठी आल्यासारखा वाटतो. "शे" म्हणणाऱ्या घरात "आहे" सुद्धा थोडं परकं वाटतं. मावचीत बायबलचा नवा करार आहे. ज्या घरात ती बोली आहे तिथे मराठी प्रत पुढे करू नये.

वेळ संध्याकाळची. पहाटे ते फडात असतात आणि दुपारी पाठ टेकायला मिळत नाही. चूल पेटल्यावर बाहेर बसून वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला आधी भेटून सांगावं, लपूनछपून जाऊ नये. अर्ध्या अफवा लपण्यातूनच जन्माला येतात.

पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं. गाव कोणतं, पोरं कुठे शिकतात, कोणाला ताप आहे का. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. सांधे सतत दुखत असतील, लेकरू वारंवार आजारी पडत असेल, तर आधी रक्ततपासणीचं सांगावं. प्रार्थना करू का, असं विचारावं. नाही म्हटलं तर राम राम करून उठावं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच हसऱ्या तोंडाने जावं. हो म्हटलं तर चार वाक्यांत आटपावी. न विचारता डोक्यावर हात ठेवू नये. आणि "बरं होईलच" असं वचन देऊ नये. ते आपल्या हातात नाही.

बिघडतं कुठे, तेही लिहून ठेवते. दहा जण, गिटार आणि स्पीकर घेऊन गेलं की ती भेट राहत नाही, मिरवणूक होते. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की त्या कुटुंबाला गावी जाब द्यावा लागतो, आणि आपण मात्र घरी सुखरूप. घोंगडी आणि धर्माची छापील पत्रिका एकाच हाताने दिली की सगळ्यात जास्त बिघडतं. थंडीत कुडकुडणाऱ्याला नाही म्हणायची सोय उरत नाही, मग त्याच्या होकारावर विसंबायचं कसं? घोंगड्या द्यायच्याच असतील तर वेगळ्या दिवशी द्याव्यात, सगळ्या कोप्यांना, नाव न विचारता.

कायद्याची भीती बहुतेक वेळा कायदा न वाचल्याने असते. संविधानाचं २५वं कलम सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं आणि धर्म पाळण्याचा, सांगण्याचा हक्कही, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं की यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आपण सांगावं, समोरच्याने ठरवावं. पेत्राचं पहिलं पत्र तरी दुसरं काय शिकवतं? तिसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात तो म्हणतो, त्यांच्या भयाने भिऊ नका. लगेच पुढे म्हणतो, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. मूळ ग्रीकात "भय" आणि हा "आदर" एकच शब्द आहे, फोबॉस. माणसाला भ्यायचं नाही, पण त्याच्यापुढे उद्धटही व्हायचं नाही.

साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची स्वतःची गोष्ट, तीन मिनिटांची तयार ठेवावी आणि घरी मोठ्याने म्हणून पाहावी. तारण, नीतिमत्त्व, अभिषेक हे शब्द गाळून. ते गाळल्यावर सांगायला काहीच उरलं नाही, तर अजून तयारी बाकी आहे असं समजावं. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणावं आणि खरंच विचारून सांगावं.

शनिवार, पहाटे

दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) हनन्या या शिष्याची आठवण सारखी येते आहे. ख्रिस्ती लोकांना छळणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, तिथे आलेला होता. "नीट" नावाच्या रस्त्यावर, यहूदाच्या घरी जा, एवढा शौलाचा नेमका पत्ता प्रभूने हनन्याला दिला. त्याने आपली भीती जशीच्या तशी सांगितली: हा माणूस तर आम्हाला धरायला आलाय. प्रभू रागावला नाही. पुन्हा म्हणाला, जा. हनन्या गेला आणि आत शिरल्यावर शौलाला त्याने हाक मारली ती "भाऊ" म्हणून. बाप्तिस्मा नंतर झाला, नातं आधी जोडलं गेलं.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली "देवाचा दरबार" हा भक्तमेळा काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. मिशनचा पगार त्यांनी सोडलेला होता. आपल्यांच्या नाराजीची भीती त्यांनी कशी पेलली असेल, याचा विचार आज खूप वेळ मनात आहे.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जेवण. कोपीत काळा चहा आला, कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, तर पोट भरलंय म्हणू नये. खाली बसावं, हात धुवावेत, खावं. उरलेलं बांधून दिलं तर घरी न्यावं आणि मंडळीतल्या लोकांना सांगावं कुठून आणलं ते. अंत्युखियातली चूक तिथेच दुरुस्त होते.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की एका रात्रीत कोप्या मोडतात आणि ट्रॅक्टर निघून जातात. त्याआधी गावाचं नाव आणि परतायचा दिवस विचारून ठेवायचा.