भोगीची दुसरी पिशवी

‘घरात उंदीर मेला आहे, वास येतो आहे, पण सापडत नाही’ असा फोन कीडनियंत्रणाच्या व्यवसायात वारंवार येतो आणि त्यावर आमचे ठरलेले दोन प्रश्न असतात: औषध कधी ठेवले होते आणि वास कधीपासून येतो आहे. औषध खाल्लेला उंदीर तहानेने व्याकूळ होऊन घराबाहेर जाऊन मरतो, अशी एक ठाम समजूत आहे आणि दुकानदारही ती आनंदाने पसरवतात. प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांमुळे उंदराचे रक्त गोठेनासे होते, तो साधारण तीन ते सात दिवसांत अंतर्गत रक्तस्रावाने मरतो आणि अशक्त झाल्यावर जिथे आडोसा सापडेल तिथेच पडतो. त्यामुळे माळ्यावर, कपाटामागे किंवा पीओपीच्या छतात तो सापडणे हे आमच्यासाठी नेहमीचेच आहे. सोलापुरातल्या ज्या प्रकरणाविषयी लिहितो आहे, तिथेही दोन्ही प्रश्नांची उत्तरे चोख जुळत होती.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा नुकतीच आटोपली होती आणि उत्तर कसब्यातल्या त्या जुन्या वाड्यातले पाहुणे आपापल्या गावी परतले होते. वाड्याच्या मालकांनी (त्यांना मी काका म्हणतो, कारण त्यांच्या पेठेतल्या दुकानात वाळवीचे काम मीच केले होते) यात्रेआधीच्या साफसफाईत उंदराच्या वड्या ठेवल्या होत्या आणि पाहुणे गेल्यानंतर मधल्या खोलीत वास सुरू झाला होता. आधी आलेल्या दुसऱ्या एका माणसाने पीओपीचा एक चौकोन कापून पाहिला होता, तिथे काही सापडले नाही म्हणून भिंतीलगत सगळीकडे फवारणी केली होती आणि उंदीर फरशीखालीच असणार, फरशी उकरावी लागेल, असे सांगून तो गेला होता. फरशीवाला ठरलाही होता. जुन्या शहाबादी फरशीला हात लावण्यापूर्वी एकदा मला दाखवावे, एवढ्यासाठी काकांनी बोलावले.

वास खरोखरच मेलेल्या जनावराचा वाटावा असा होता. तो मधल्या खोलीत, प्लायवूडच्या भिंतीच्या बुडाशी सर्वांत तीव्र होता. ही भिंत भावांच्या वाटणीच्या वेळी घातलेली असून तिच्या पलीकडे काकांच्या आईंची खोली आहे. ठेवलेल्या वड्यांपैकी मोरीजवळच्या एका वडीची कड कुरतडलेली होती, म्हणजे उंदीर येऊन गेला होता हे निश्चित. मोरीपाशी लेंड्या होत्या, पण त्या करड्या पडलेल्या आणि चिमटीत धरताच भुगा होणाऱ्या होत्या. ताजी लेंडी काळी, मऊ आणि किंचित चकचकीत असते. इथवर सगळे पहिल्या माणसाच्या बाजूने होते, कारण औषध खाल्ले गेले होते आणि नंतर उंदराचा वावर थांबला होता.

मला खटकल्या त्या माशा, किंवा नेमके सांगायचे तर जी माशी दिसायला हवी होती ती तिथे नव्हती. घरात उंदरासारखे जनावर मरून दोन आठवडे झाले असतील आणि तिथवर पोचायला फट असेल, तर निळसर-हिरव्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या मोठ्या माशा खिडकीच्या काचेवर आपटत असतात. त्यांना मेल्याचा सुगावा फार लवकर लागतो, त्यांच्या अळ्या मांसावरच वाढतात आणि पुढची पिढी बाहेर पडली की उजेडाकडे धाव घेते. इथे काचेवर तसली एकही माशी नव्हती, मेलेलीही नव्हती. त्याऐवजी सगळीकडे संथपणे तरंगणारी केंबरे होती, जी आपण फळांभोवती पाहतो आणि काही जण चिलटे म्हणतात तीच. एक चिकटपट्टीवर धरून भिंगाखाली पाहिले तर डोळे विटकरी लाल होते. प्राणिशास्त्राच्या पदवीसाठी आनुवंशिकतेच्या प्रयोगात हीच ड्रॉसोफिला आम्ही बाटल्यांमध्ये वाढवली होती. तिच्याच जातीच्या पांढऱ्या डोळ्यांवरून थॉमस हंट मॉर्गन यांनी गुणसूत्रांचे काम सुरू केले आणि त्यासाठी त्यांना 1933 मध्ये नोबेल मिळाले. प्रयोगशाळेत आम्ही तिला उंदीर घालत नव्हतो. तिला पिकलेले केळे आणि यीस्ट लागते, म्हणजे आंबणारे फळ किंवा भाजी. माझ्या धंद्यात नाकापेक्षा माशीवर भरवसा ठेवावा, असे माझे मत आहे, कारण वास फटींमधून, पायऱ्यांवरून, वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो, तर माशी जिथे वाढते तिथेच सर्वांत दाट सापडते.

हे मी सांगताच काकूंचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात काहीतरी सडतंय असं म्हणताय का तुम्ही?” त्यांनी तिथल्या तिथे कांद्याबटाट्यांची जाळी, फ्रिजमधला भाजीचा कप्पा आणि ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उघडून दाखवला. खरोखरच सगळे स्वच्छ होते. मी फवारणीला नकार दिला, कारण मूळ जागा सापडण्याआधी औषध मारले तर उडणारी केंबरे मरतात, दोन दिवस घर शांत दिसते आणि आतल्या अळ्या आपल्या गतीने वाढतच राहतात. त्याऐवजी प्रत्येक खोलीत एकेक काचेचा पेला ठेवला. पेल्यात पिकलेल्या केळ्याचा तुकडा, चमचाभर व्हिनेगर आणि तोंडावर कागदाचा कोन, टोकाला पेन्सिल जाईल एवढे भोक. आत गेलेल्या केंबराला परत वर यायची वाट सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातला पेला जवळजवळ रिकामा होता, मधल्या खोलीतल्या पेल्यात बरीच केंबरे होती आणि आजींच्या खोलीतल्या पेल्यात केळ्याचा तुकडा दिसत नव्हता. आजींना वास आलाच नव्हता. वयामुळे त्यांचे नाक मंदावले आहे, शिवाय खोलीत सकाळ-संध्याकाळ धूप आणि अंगणाकडची खिडकी कायम उघडी. त्या खोलीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या ट्रंकेशेजारी, पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या आणि सोलापुरी चादरी छातीएवढ्या उंच रचलेल्या होत्या. यात्रा संपल्यावर माळ्यावर टाकायच्या म्हणून ठेवल्या आणि तशाच राहिल्या.

वरच्या चादरी कोऱ्या होत्या. खालून तिसऱ्या-चौथ्या चादरीच्या घडीत मात्र तांदळाच्या कणीएवढे तपकिरी दाणे चिकटलेले सापडले आणि शोध संपल्यात जमा झाला. ते केंबरांचे कोष होते. अळी ओल्या सडक्यात वाढते, पण कोषात जाताना ती सरपटत वर, कोरड्या जागी येते, आणि चादरीच्या घड्यांइतकी सोयीची कोरडी जागा तिला दुसरी कुठली मिळणार? सर्वांत खालची गादी उचलली तेव्हा तिच्या मागे, ट्रंक आणि भिंत यांच्या बेचक्यात, तोंडाला गाठ मारलेली नायलॉनची पिशवी बसलेली दिसली. तिच्या बुडातून काळे पाणी झिरपून फरशीच्या सांध्यात उतरले होते.

पिशवी अंगणात नेऊन उघडली. असली पिशवी बंद खोलीत तोंड घालून उघडू नये, कारण सडताना साठलेला वायू एकदम अंगावर येतो. वरती कागदाच्या पुडीत बोरे होती. ती सुरकुतून सुकली होती, पण सडली नव्हती. त्याखाली हरभऱ्याच्या ढाळ्यांवर राखाडी बुरशीची लव, उसाच्या करव्यांच्या टोकांना आंबूस फेस, पावट्याच्या शेंगा एकमेकींना चिकटलेल्या, वांग्यांची नुसती साले उरलेली आणि गाजरांचा बुळबुळीत लगदा. तळाशी बटाटे होते, किंवा पूर्वी होते. बटाट्यात जवळजवळ 80 टक्के पाणी असते. जिवाणू शिरले की त्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळते आणि वरून धड दिसणाऱ्या सालीच्या आत पांढरा चिकट रस भरतो. त्याला जो वास येतो, तो मेलेल्या जनावराचा म्हणून खपून जातो. पिशवीला गाठ नसती आणि ती उघड्यावर पडली असती, तर जानेवारीच्या कोरड्या हवेत यातले पुष्कळसे नुसते वाळून गेले असते. गाठीने ओल आत कोंडली आणि वरच्या गाद्यांनी ऊब दिली. 25 अंशांच्या आसपास केंबराचे अंड्यापासून माशीपर्यंतचे चक्र साधारण दहा दिवसांत पूर्ण होते, त्यामुळे भोगीपासून तेव्हापर्यंत एक पिढी उडून गेली होती आणि दुसरी तयार होत होती.

पिशवीतला जिन्नस भोगीचा आहे हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. तिळाची पुडी आणि बाजरीचे पीठही त्यात होते. पण कोडे तिथूनच सुरू झाले. काका म्हणाले, “भोगीची भाजी झाली, बाजरीच्या भाकऱ्या झाल्या, सगळ्यांनी पोटभर खाल्ल्या. मग हे कुणाचं?” काकूंनी मंडईतून सगळे स्वतः आणले होते, पिशवी मोजून रिकामी केली होती, घरात एकही जिन्नस कमी पडला नव्हता. कमी पडले असते तर कुणीतरी शोधले असते. पुण्याच्या पुतण्याला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. त्यानेही काकूंची धावपळ वाचावी म्हणून त्या सकाळी लक्ष्मी मंडईतून सगळी भोगी आणली होती. गड्ड्याच्या यात्रेत त्या दिवशी मानाच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तो दारात पोचला तेव्हा हलग्या जवळ आल्या होत्या आणि सगळे घर रस्त्यावर होते. त्याने पिशवी ओसरीवरच्या दिवाणाखाली सारली आणि तोही बाहेर धावला. परत आल्यावर चुलीवर भाजी शिजत होती, तेव्हा आपली पिशवी वापरली गेली असे त्याने गृहीत धरले. रात्री अंथरुणे घालताना दिवाणाखालचे सामान कुणीतरी आजींच्या खोलीत सरकवले. ते कोण, यावर मी असेपर्यंत तरी एकमत झाले नव्हते.

वास मधल्या खोलीत का येत होता, हेही आता स्पष्ट झाले. वाड्याची फरशी मूळ एकसंध आहे, प्लायवूडची भिंत तिच्यावर नंतर उभी राहिली आणि जुन्या बांधकामात फरशीला मोरीकडे उतार असतो. काळे पाणी सांध्यांमधून भिंतीखालून उतरत मधल्या खोलीत आले होते. पिशवीच्या जागेवरचा वास गाद्यांनी दाबून धरला होता आणि पाण्याच्या वाटेवरचा वास उघडा होता. त्या वाटेवर फरशी उकरली असती, तर काळी ओली माती हाती लागली असती आणि ‘उंदीर विरघळून गेला’ असाही निष्कर्ष निघाला असता. असे निष्कर्ष मी ऐकले आहेत.

यानंतरचा अर्धा तास आजींचा होता. “लेकरा, अन्न आहे ते. बघ की, बोरं चांगली आहेत, तीळ चांगले आहेत, पीठ तर कोरडं आहे.” तीळ बंद पुडीत होते, ते ठेवायला माझी हरकत नव्हती. बोरांना सडक्या पाण्याचा वास लागला होता. पीठ मी त्यांच्याच हातावर ठेवून चाखायला नव्हे, हुंगायला सांगितले, पण त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलेच आणि तोंड वाकडे केले. बाजरीत स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त असतो, दळल्यावर त्यातले विकर तो फोडू लागतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू होते. म्हणून जुन्या बायका बाजरी लागेल तेवढीच दळून आणत, हे आजींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मग त्यांनी ढाळे गल्लीतल्या गाईला घालायचे ठरवले. इथे मात्र मी अडून बसलो. बुरशी आलेले दाणे गाईलाही बाधतात, आणि काही बुरशींचे विष, विशेषतः शेंगदाणा-पेंडीवरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन, जनावराच्या दुधातून पुन्हा माणसाकडे येते. आपल्याला खाववत नाही ते गाईला घालून पुण्य जोडण्याची रीत मला पटत नाही. आजी काही बोलल्या नाहीत, पण पिशवी पुन्हा गाठ मारून घंटागाडीसाठी दारात गेली.

उरलेले काम साधे होते. फरशीवर फिनेल ओतून वास झाकण्याऐवजी साबणाच्या गरम पाण्याने सांधे ब्रशने घासून घेतले, पाणी मोरीकडे काढले आणि जागा वाळल्यावर ब्लीचिंग पावडरचे पातळ द्रावण फिरवले. चादरी गरम पाण्यात भिजवून गच्चीवर उन्हात टाकायला सांगितल्या आणि गाद्यांची खालची बाजू ब्रशने झाडून घेतली. फटींत राहिलेल्या कोषांमधून आठवडाभर थोडी केंबरे निघतील, त्यांच्यासाठी पेले तसेच ठेवावेत आणि औषध मारू नये, असे काकूंना बजावले. वडी कुरतडणाऱ्या उंदराचा ठावठिकाणा शेवटपर्यंत लागला नाही. तो मोरीच्या नळातून येत असावा, कारण भिंतीवर त्याच्या अंगाच्या तेलकट घाणीचा पुसट पट्टा तिकडेच जात होता. मोरीच्या तोंडाला बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवली आणि उरलेल्या वड्या काढून घेतल्या.

मी निघताना फरशीवाला पहार आणि घण घेऊन दारात उभा होता. काकांनी त्याला परत पाठवले नाही. तेवढ्यात मोकळे झालेले सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले.